रोग कमी, की शोध कमी?



साथीच्या रोगावर बोलावयाचे ते डॉक्टरांनी बोलावे, असा आपल्याकडे समज आहे आणि तो पुष्कळसा रास्तही आहे. परंतु आज आम्ही ज्या गोष्टीविषयी बोलणार आहोत, ती निव्वळ वैद्यकाची नाही. तिचा निम्मा भाग नागरिकशास्त्रात मोडतो. २०२० सालच्या पहिल्या चार महिन्यांत, करोनाची साथ जगभर पसरत असताना, देशोदेशींच्या लोकांच्या तोंडी एकच गाऱ्हाणे होते : 'आम्हांला ताप आहे, खोकला आहे, आम्हांला तपासा असे आम्ही म्हणतो, पण आम्हांला कोणी तपासत नाही.' हे गाऱ्हाणे खरे होते काय, खरे असेल तर दोष कोणाचा, आणि त्यातून आपण काय शिकावयाचे, एवढाच आजचा विषय आहे.

कोणी म्हणेल, जागतिक आरोग्य संघटनेने त्या साथीची आणीबाणी मे २०२३ मध्ये उठविली. आता ही राख कशाला उकरता? आमचे उत्तर साधे आहे. घर शाकारावयाचे ते आभाळ निरभ्र असताना. पाऊस सुरू झाल्यावर शिडी शोधणारा मनुष्य भिजतो, आणि वर शिडी सापडली नाही म्हणून घरच्यांवर चिडतो.

प्रथम ही तपासणी म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. रोग्याच्या नाकातून व घशातून एका काडीने स्राव घेतात. ती काडी एका द्रवात बुडवून थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवितात. तेथे स्रावातून विषाणूचे जनुकद्रव्य वेगळे करावयाचे, आणि मग ते असल्यास यंत्रात पुनःपुन्हा दुप्पट करीत न्यावयाचे. एका फेरीत दुप्पट, दोन फेऱ्यांत चौपट, अशा तीस फेऱ्या झाल्या की एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. मुळात डोळ्यांना न दिसणारी गोष्ट अशा रीतीने यंत्राला दिसू लागते. हीच ती पीसीआर तपासणी.

आता यात लागते काय काय, ते मोजा. काडी लागते, द्रव लागतो, जनुकद्रव्य वेगळे करणारी रसायने लागतात, त्या विशिष्ट विषाणूला ओळखणारे जनुकाचे तुकडे लागतात, यंत्र लागते, आणि ते चालविणारे सरावलेले हात लागतात. यांतली एक वस्तू नसली तरी बाकीच्या सगळ्या असून नसल्यासारख्या. त्या वसंत ऋतूत कोठे रसायने संपली, तर कोठे नुसत्या काड्या मिळेनात. कारण चांगल्या काड्या बनविणारा एक मोठा कारखाना इटलीच्या लोम्बार्डी प्रांतात होता, आणि साथीने युरोपात पहिला तडाखा दिला तो त्याच प्रांताला. तेव्हा टंचाई होती, ही गोष्ट खरी. कोणी मुद्दाम रचलेले ते सोंग नव्हते. आमचे पुढील सर्व म्हणणे आपण हे लक्षात ठेवून ऐकावे.

चीनमधील शास्त्रज्ञांनी ११ जानेवारी २०२० रोजी या विषाणूचा जनुकक्रम जगापुढे ठेवला. दोनच दिवसांत बर्लिनच्या शॅरिटे रुग्णालयातील शास्त्रज्ञांनी तयार केलेली तपासणीची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केली. म्हणजे जानेवारीच्या मध्यावर ज्ञानाचा दरवाजा सर्वांना सारखाच उघडा होता. त्यानंतर कोण आत गेले व कोण उंबरठ्यावर अडखळले, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. कारण द्रव्य, विद्या, यंत्रे यांपैकी कशाचीही वाण त्या देशाला नव्हती. तेथील रोगनियंत्रण केंद्र अटलांटा शहरी आहे. त्या केंद्राने आपली स्वतःची तपासणी तयार केली आणि ४ फेब्रुवारीला तिला आपत्कालीन मान्यता मिळाल्यावर किट निरनिराळ्या राज्यांच्या प्रयोगशाळांकडे रवाना केले. थोड्याच दिवसांत तक्रारी आल्या, की ज्या नळीत विषाणू नाहीच, नुसते शुद्ध पाणी आहे, तीही 'रोग आहे' म्हणून सांगते! पुढे झालेल्या तपासात, किट तयार करताना शिरलेली अशुद्धी आणि मूळ रचनेतील उणीव अशी दोन्ही कारणे आढळली. चूक कोणाच्याही हातून होते. परंतु त्या किटाशिवाय दुसरे कोणते वापरावयाचे, तर ते नियमांत बसत नव्हते. मोठमोठ्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळा हात बांधून बसल्या. सदोष भाग वगळून उरलेले किट वापरण्याची मोकळीक २६ फेब्रुवारीला मिळाली, आणि स्वतःच्या तपासण्या सुरू करण्याची वाट इतर प्रयोगशाळांना मोकळी झाली ती २९ फेब्रुवारीला. तीन आठवडे असे गेले. विषाणूला कोणाच्या मान्यतेची वाट पाहावी लागत नव्हती.

किट थोडे, म्हणून तपासणी कोणाची करावयाची याचा नियम केला : जो चीनमधून आला, अथवा ज्याचा निश्चित रोग्याशी संबंध आला, त्याचीच. वरवर पाहता नियम शहाणपणाचा दिसतो. पण त्याच्या पोटात काय आहे पाहा. चीनमधून आलेल्यांनाच तपासले, तर रोगी चीनमधून आलेलेच सापडणार. मग ते आकडे दाखवून म्हणावयाचे, की पाहा, रोग बाहेरून आलेल्यांतच आहे, गावात पसरलेला नाही. म्हणून गावातल्यांना तपासण्याचे कारण नाही! घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी सकाळच्याच जागी उभा असतो. हा नियमही तसाच स्वतःभोवती फिरत होता.

हे चक्र तुटले कसे, तेही सांगतो. कॅलिफोर्नियातील एक बाई फेब्रुवारीच्या मध्यास अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात होती. ती परदेशी गेली नव्हती, कोणा ज्ञात रोग्याच्या सहवासात आली नव्हती; म्हणून डॉक्टरांनी मागणी करूनही तिची तपासणी काही दिवस झाली नाही. २६ फेब्रुवारीला निष्कर्ष आला तो 'रोग आहे' असा. दुसऱ्याच दिवशी नियम बदलावा लागला. तिकडे सिअ‍ॅटल शहरी डॉ. हेलन चू यांच्या संशोधक मंडळींकडे फ्ल्यूच्या अभ्यासासाठी गोळा केलेले नाकातले नमुने होते. त्यांवर करोनाची तपासणी करू द्या, अशी त्यांनी परवानगी मागितली; ती मिळाली नाही. अखेर २५ फेब्रुवारीला त्यांनी परवानगीवाचूनच तपासणी केली, आणि कोठेही प्रवास न केलेल्या एका मुलाच्या नमुन्यात विषाणू निघाला. रोग आला नव्हता असे नव्हे. तो आधीच येऊन घरात बसला होता. त्याच सुमारास सिअ‍ॅटलजवळ कर्कलंड येथील एका वृद्धाश्रमात तो शिरल्याचे उघडकीस आले. तेथील साथीत तीसहून अधिक माणसे दगावली.

मग लोक का चिडणार नाहीत? मार्चच्या ६ तारखेला राष्ट्राध्यक्षांनी सांगितले, की ज्याला तपासणी हवी त्याला ती मिळेल. प्रत्यक्षात लोक दवाखान्यांतून विन्मुख परतत होते. आणि ११ मार्चला एका नामांकित बास्केटबॉल संघातील एका खेळाडूला रोग झाल्याचे समजताच, त्या संघाच्या डझनावारी लोकांची तपासणी त्याच रात्री झाली! सामान्य मनुष्य टंचाई सोसतो. पण टंचाई माझ्यापुरतीच आहे असे त्याला दिसले, की त्याचा संयम सुटतो. १२ मार्चला तेथील संसदेच्या समितीपुढे डॉ. अँथनी फाउची यांनी सरळ सांगितले, की आपली व्यवस्था या गरजेसाठी घडविलेली नाही, हे अपयश आहे आणि ते कबूल करावे. त्या साऱ्या गोंधळात लोकांना पटलेले बोलणे असेल तर ते हेच. कारण ते खरे होते.

आता कोरियाकडे वळू. दक्षिण कोरिया व अमेरिका या दोन देशांनी आपापला पहिला रोगी एकाच सुमारास, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जाहीर केला. पण कोरियाला २०१५ साली मर्स नावाच्या रोगाने पोळले होते. १८६ जणांना लागण झाली, ३८ दगावले, आणि तपासणीच्या तुटवड्यावरून सरकारची अब्रू गेली. त्या पोळण्यातून त्यांनी कायदा बदलला : साथ आली तर खाजगी उत्पादकांच्या किटांना तातडीची मान्यता देता यावी. २७ जानेवारीला सोल येथील रेल्वे स्टेशनावर अधिकाऱ्यांनी उत्पादकांची बैठक बोलाविली. ४ फेब्रुवारीला पहिल्या किटाला मान्यता मिळाली. आणि महिनाअखेर दिवसाला दहा हजारांवर तपासण्या होऊ लागल्या. मोटारीत बसल्या बसल्या नमुना देण्याची केंद्रेही तेथेच निघाली. कोरियन लोक आपल्याहून बुद्धिमान आहेत असे नाही. त्यांनी घर शाकारून ठेवले होते, एवढेच.

आणि आपण? आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था होती. १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून स्थापन झालेली ही संस्था. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलातील माकडतापाचा विषाणू शोधला तो हिच्याच शास्त्रज्ञांनी. ३० जानेवारी २०२० रोजी केरळातील देशातला पहिला करोना रोगी निश्चित झाला तोही पुण्याच्या तपासणीने. याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण एवढ्या अवाढव्य देशाचा भार आरंभी या एका संस्थेवर होता, हेही विसरू नये. मार्चच्या पूर्वार्धात आपल्या राज्यात तपासणीची ठिकाणे म्हणजे पुण्याची ही संस्था, मुंबईचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे मेयो, अशी बोटांवर मोजण्याजोगी. लांबच्या जिल्ह्यातला नमुना थंड पेटीतून तेथवर जाणार, आणि त्याचा निकाल येईपर्यंत घरच्यांनी श्वास रोखून बसावयाचे.

येथेही नियम तोच : परदेशी जाऊन आला होता काय? नाही ना? मग घरी जा. ज्या गृहस्थाने उभ्या जन्मात विमान पाहिले ते आकाशातच, त्याला हा प्रश्न थट्टेसारखा वाटला तर नवल नाही. २० मार्चला नियम थोडा सैल झाला आणि श्वसनाच्या गंभीर विकाराने रुग्णालयात पडलेल्या सर्वांची तपासणी करावी असे ठरले. त्या दिवसापर्यंत आपल्या सबंध देशात पंधरा हजारांच्या आसपास नमुने तपासले गेले होते. लोकसंख्येने आपल्या पंचविसाव्या हिश्शाइतक्याही नसलेल्या कोरियात तोवर तीन लाखांहून अधिक लोकांची तपासणी झाली होती. त्यानंतर खाजगी प्रयोगशाळांना परवानगी मिळाली. दर ठरला जास्तीत जास्त ४,५०० रुपये. हातावर पोट असणाऱ्याचा काम बंद, पगार बंद आणि तपासणीला साडेचार हजार! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ एप्रिलला न्यायालयाने तपासणी सर्वांना मोफत करावयास सांगितले, आणि १३ एप्रिलला ती सवलत आयुष्मान भारत योजनेतील व इतर दुर्बल वर्गांतील लोकांपुरती ठेवली.

आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. टंचाई होती, म्हणून वाटप मोजून करावे लागले; त्याला आमचा आक्षेप नाही. रेशनच्या रांगेत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना वाटप म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. दुकानदार म्हणाला, 'साखर संपली, पुढच्या आठवड्यात गाडी येईल,' तर आपण चार शब्द बोलतो आणि पिशवी झटकून घरी येतो. पण तोच दुकानदार जर म्हणू लागला, की 'साखर हवी कशाला? साखर तुमच्या प्रकृतीला मानवत नाही,' तर? तर आपण त्या साखरेपुरतेच नव्हे, त्याच्या तराजूवरही पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

त्या महिन्यांत देशोदेशी घडले ते हे. 'आमच्याजवळ किट पुरेसे नाहीत' असे सांगावयाच्या ठिकाणी 'तुम्हांला तपासणीची आवश्यकता नाही' असे सांगण्यात आले. टंचाईला शास्त्राचा अंगरखा चढविला गेला. आणि जेव्हा किट आले व नियम बदलला, तेव्हा लोकांनी विचारले, की काल जे शास्त्र होते ते आज कोठे गेले? शास्त्र बदलले नव्हते. कोठार भरले होते. पण अंगरखा शास्त्राचा असल्यामुळे बदनामीही शास्त्राच्याच वाट्याला आली. ही हानी किट न मिळण्याच्या हानीहून मोठी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी हानी आकड्यांची. रोज संध्याकाळी रोग्यांचा आकडा जाहीर होई, आणि आपण तो पर्जन्यमानासारखा ऐकत असू : आज इतके इंच पडला. परंतु तो पावसाचा आकडा नव्हता. अंगणात किती भांडी मांडली याचा तो आकडा होता. पुढे मे-जून २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर रक्ताची पाहणी केली. तिच्यावरून काढलेला अंदाज असा, की मे महिन्याच्या आरंभी निश्चित झालेल्या प्रत्येक रोग्यामागे प्रत्यक्षात ८२ ते १३० जणांना संसर्ग होऊन गेला होता! जुलैमध्ये मुंबईच्या तीन विभागांत पाहणी झाली. तेथील झोपडपट्ट्यांत शंभरातील ५७ जणांच्या रक्तात रोग होऊन गेल्याची खूण सापडली, तर इतर वस्तीत १६ जणांच्या.

करोनाची गोष्ट सोडून द्या; आपल्या नित्याच्या वैऱ्याकडे, क्षयाकडे पाहा. २०१९ साली देशात सुमारे २४ लाख क्षयरोग्यांची नोंद झाली. २०२० साली ती १८ लाखांवर आली. क्षय काय टाळेबंदीला भिऊन पळाला? नाही. दवाखाने बंद, वाहने बंद, क्षय शोधणारी माणसे व यंत्रे करोनाच्या कामाला जुंपलेली. म्हणून नोंद घटली. सहा लाख लोक रोगमुक्त झाले नाहीत, ते वहीतून सुटले. म्हणून आम्ही या व्याख्यानाचे नाव 'रोग कमी, की शोध कमी?' असे ठेवले आहे. कोणी आकडा सांगितला, की हा प्रश्न विचारण्याची सवय नागरिकाने लावून घ्यावी.

येथे एक जुनी गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्यावेळीही लोक तपासणीवरून संतापले होते. पण उलट कारणाने. गोरे शिपाई घरात शिरत, माजघर-देवघर पाहत नसत, बायामाणसांची अब्रू पाहत नसत. लोक रोगी लपवू लागले. त्या संतापाची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवरील गोळीबारात झाली, हे आपण सर्व जाणता. त्याच वर्षी झालेला साथरोगांचा कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला. पण एकदा लोक तपासणीपासून पळत होते, आणि एकदा तपासणीसाठी रांगा लावीत होते. दोन्ही संतापांचे मूळ मात्र एकच. दोन्ही वेळी निर्णय लोकांविषयी झाला, लोकांशी बोलून झाला नाही. १८९७ चे सरकार परक्यांचे होते. त्याच्याकडून आपण खुलाशाची अपेक्षा केली नाही. आपल्या सरकारकडून ती करणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

परंतु हक्काबरोबर थोडे आत्मपरीक्षणही हवे. लोकांचे सगळेच बरोबर होते, असे म्हणून टाळ्या मिळविण्याची आमची इच्छा नाही. तपासणी म्हणजे ताईत नव्हे. फार लवकर नमुना घेतला तर रोग असूनही तो सापडत नाही. आणि 'नाही' असा कागद हाती येताच लग्नाला निघालेली मंडळीही पुढे आपण पाहिली. 'कसलीही चालेल, पण तपासणी लवकर आणा' या घाईचेही फळ मिळाले. एप्रिल २०२० मध्ये चीनमधून रक्ततपासणीची झटपट किटे आली, निष्कर्ष भरवशाचे निघेनात, आणि महिनाअखेर ती परत करण्याचा आदेश निघाला. तेव्हा संताप रास्त असला, तरी संतापाने किट तयार होत नाही. आपण मागावयाचे काय, हे ठरले पाहिजे.

आमच्या मते चार गोष्टी मागाव्यात. पहिली, कोठार किती भरले आहे ते रोज सांगा. किट शंभर असतील तर शंभर सांगा. दुसरी, रोग्यांचा आकडा एकटा सांगू नका. किती तपासले तेही जोडीने सांगा. तिसरी, वाटपाचा क्रम उघड करा. आधी दवाखान्यातील परिचारिका व डॉक्टर, मग अत्यवस्थ रोगी, मग इतर. पुढारी व श्रीमंत यांची वेगळी रांग असू नये. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, किट कितीही थोडे असोत, त्यांतला काही हिस्सा नियमाबाहेर वापरण्यासाठी राखून ठेवा. ज्यांचा प्रवास नाही, संबंध नाही, अशा काही तापाच्या रोग्यांचीही तपासणी करीत राहा. दिवा दाराशीच धरला, तर परसातला चोर कसा दिसावा?

पाचवी गोष्ट मागावयाची नसून करावयाची आहे, आणि ती साथ नसतानाची आहे. २०२० च्या जानेवारीत जेथे एक प्रयोगशाळा होती, तेथे जूनच्या अखेरीस देशात एक हजार झाल्या, आणि ऑगस्टच्या २१ तारखेला एका दिवसात दहा लाख तपासण्या झाल्या. म्हणजे आपल्याला जमत नाही, असे मुळीच नाही. गोव्यातील एका कारखान्याने क्षयासाठी बनविलेले 'ट्रूनॅट' नावाचे लहानसे यंत्र जिल्ह्याजिल्ह्यांत होते म्हणूनच ते करोनाच्याही उपयोगी आले. रोजच्या रोगासाठी केलेली व्यवस्था आडवेळी धावून येते. केवळ आडवेळेसाठी केलेली व्यवस्था आयत्या वेळी गंजलेली सापडते. म्हणून आपल्या जिल्हा रुग्णालयातील प्रयोगशाळा आज चालू आहे काय, तेथे रसायने आहेत काय, तंत्रज्ञाची जागा भरली आहे की रिकामी आहे, हे प्रश्न आजच विचारावेत. नगरपालिकेच्या सभेत विचारावेत, जिल्हा परिषदेच्या सभासदाला रस्त्यात गाठून विचारावेत. रस्त्याचे खड्डे आपल्याला दिसतात, म्हणून त्यांविषयी आपण बोलतो. प्रयोगशाळेतील रिकामी खुर्ची दिसत नाही. पण साथीच्या पहिल्या महिन्यात आपल्याला अडविते ती तीच.

नागरिकहो, साथ पुन्हा येणार नाही असे वचन कोणी देऊ शकत नाही. पण ती येईल त्या दिवशी तपासणीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या मनुष्याला निदान खरे उत्तर मिळावे, एवढी तजवीज आपल्या हाती आहे. 'नाही' हा शब्द आपला समाज पचवू शकतो. त्याला पचत नाही ते 'नाही'ला 'नको' म्हणून सांगणे.